फांद्यांची कोरल्स: छाटणी, फ्रॅग (कापून लावलेले तुकडे) आणि जागा, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) पाळायची खाऱ्या पाण्याची टाकी, नवीन असताना सगळ्यांना एकच काळजी असते, कोरल जगेल का. पाणी एकदा जमलं की दोन-अडीच वर्षांत वेगळीच अडचण उभी राहते, जगलेली कोरल्स वाढून एकमेकांच्या अंगावर येतात आणि आतून मरायला लागतात. त्यावरचे जे प्रश्न मला परत परत विचारले गेलेत ते इथे एकत्र केलेत. बोलणं मुख्यतः ॲक्रोपोरा, मॉन्टिपोरा डिजिटाटा, बर्ड्स नेस्ट, स्टायलोफोरा आणि पोसिलोपोरा यांच्याबद्दल आहे, हॅमर, टॉर्च या मांसल कोरल्सचा प्रश्न वेगळा घेतलाय.

छाटायचं कशाला? समुद्रात तर कोणी कापत नाही.

समुद्रात ते काम लाटा आणि वादळं करतात. स्टॅगहॉर्न म्हणतात त्या ॲक्रोपोराचा पसरण्याचा एक मोठा मार्गच हा आहे, फांदी तुटते, खाली पडते, हलणार नाही अशी जागा मिळाली की तिथे चिकटते आणि नवीन कॉलनी सुरू होते. तुटणं त्याला सवयीचं आहे.

घरच्या टँकमध्ये दोन-तीन पंप असतात आणि पाणी साधारण ठरलेल्या वाटेनेच फिरतं. कॉलनी मुठीएवढी असते तोवर ते आरपार जातं, पण ती फुटबॉलएवढी झाली की बाहेरच्या फांद्याच पाणी अडवायला लागतात, आतल्या गचपणात घाण बसते, उजेड वरच्यावर अडतो आणि मधला टिश्यू (सांगाड्यावरचं जिवंत मांस) हळूहळू मरतो, मग त्या उघड्या सांगाड्यावर शेवाळ धरतं. आणि हे सगळं होताना बाहेरून कॉलनी एकदम छान दिसत असते! माझ्याकडचं गुलाबी बर्ड्स नेस्ट असंच गेलं, शेंडे शेवटच्या आठवड्यापर्यंत भरलेले होते, आणि बाहेर काढून उलटं केलं तेव्हा आतला अर्धा भाग कधीचाच मेलेला होता. म्हणून मी छाटणीकडे कोरलला आकार देणं म्हणून बघत नाही, आतपर्यंत पाणी आणि उजेड पोचायला वाट करून देणं म्हणून बघतो. पुढची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीतून निघतात.

मग कापायची वेळ आली हे कसं ओळखायचं?

रात्री बॅटरी घेऊन कॉलनीच्या मधोमध बघा. आतल्या फांद्यांचे पॉलिप्स (कॉलनीतले एकेक छोटे जीव) बाहेर येत नसतील, तिथे घाण बसून राहत असेल, बुडखा फिका किंवा पांढरा पडत असेल तर वेळ झाली. शेंडे पाण्याच्या वर यायला लागले, काचेला टेकले, किंवा शेजारच्या कोरलपासून बोटभर अंतर उरलं तरी कापा. आणखी एक खूण लोकांच्या लक्षात येत नाही, एखाद्या कॉलनीच्या मागे वाळूवर अचानक घाण जमायला लागली तर त्या कॉलनीने पंपाचं पाणी अडवलंय असं समजायचं.

कापण्याआधी पाणी कसं असलं पाहिजे?

स्थिर. आकड्यांवरून वाद घालणारे खूप भेटतील पण मी ज्या मर्यादेत ठेवतो ती सांगतो: अल्कलिनिटी (पाण्यातले कार्बोनेट-बायकार्बोनेट, डीकेएच हे त्याचं एकक) ७ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम, सॅलिनिटी ३५ पीपीटी म्हणजे हायड्रोमीटरवर १.०२५-१.०२६, तापमान २५ अंशांच्या आसपास. नायट्रेट आणि फॉस्फेट पार शून्य नको, शून्यावर फांद्यांची कोरल्स फिकी पडतात आणि जखम भरायला त्यांच्याकडे ताकद उरत नाही. गेल्या आठवड्यात अल्कलिनिटी वरखाली झाली असेल, नुकताच मोठा पाणी बदल केला असेल, लाईट नवीन लावला असेल तर थांबा, दोन-तीन आठवड्यांनी कापा.

हत्यारं कोणती लागतात?

बोन कटर, म्हणजे हाडं कापायची स्टीलची कात्री, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. बोटाएवढ्या जाडीच्या फांदीला हिऱ्याच्या पात्याचा बँड सॉ किंवा हातातलं रोटरी कटर बरं पडतं कारण कात्रीने जाड सांगाडा चिरडतो आणि चिरडलेल्या जागी टिश्यू मागे सरकतो. लोखंडी पक्कड वापरू नका, गंजते. सोबत जेल सुपरग्लू, एपॉक्सी पुट्टी, टँकच्याच पाण्याचे दोन डबे, हातमोजे आणि चष्मा. चष्मा नक्की घाला, फांदी तुटताना कपचा उडतो.

नेमकं कुठे कापायचं?

यासाठी फांदी कशी वाढते ते थोडं समजून घेऊ. ॲक्रोपोराच्या प्रत्येक फांदीच्या टोकाला एक मुख्य पॉलिप असतो, ॲक्सियल, आणि बाजूने असतात ते रेडियल. लांबी वाढवायचं काम टोकाचा पॉलिप करतो, आणि जोरात वाढणाऱ्या टोकात टिश्यूत राहणारे सूक्ष्म शैवाल कमी असतात म्हणून शेंडा पांढुरका दिसतो (ते आजारपण नाही, घाबरू नका). शेंडा खुडला की झाडासारखंच होतं, त्या फांदीची लांबी थांबते आणि बाजूच्या पॉलिपांतून फुटवे येतात. म्हणजे नुसते शेंडे खुडत बसलात तर कॉलनी अजून दाट होणार, आणि आपल्याला तर ती मोकळी करायचीय!

म्हणून गचपण कमी करायचं असेल तर फांदी बेचक्याच्या जरा खाली, जिथून ती निघते तिथपर्यंत जाऊन पूर्ण काढा. आधी आतल्या दिशेने वाढणाऱ्या, मग एकमेकींना घासणाऱ्या, मग पंपाच्या तोंडासमोरच्या. उलट एखादी कॉलनी काडीसारखी लांबच लांब चाललीय आणि तुम्हाला ती भरगच्च हवीय तर तिचे शेंडे खुडा, तिथे तेच योग्य आहे. काप एका दमात द्या, कात्री फांदीला काटकोनात धरा, करवतीसारखी मागेपुढे करू नका. निरोगी कोरलमध्ये कापलेल्या जागेवर एक-दोन आठवड्यांत टिश्यू चढतो, नवीन शेंडा दिसायला त्याहून जास्त वेळ जातो.

फ्रॅग बनवत असाल तर ३ ते ५ सेंटीमीटरचा तुकडा घ्या. १ सेंटीमीटरचेही जगतात पण जरा काही बिघडलं की आधी तेच जातात.

पाण्यातच कापू की बाहेर काढून?

कॉलनी दगडाला घट्ट असेल तर पाण्यातच कापा, फक्त पंप बंद करून, नाहीतर तुटलेला तुकडा दगडांमागे जातो आणि मिळत नाही. हलवता येत असेल तर बाहेर काढून कापणं सोपं, सगळ्या बाजूंनी दिसतं. काही मिनिटं हवेत राहिल्याने त्यांना काही होत नाही, ओहोटीला उथळ रीफवरची कोरल्स उघडी पडतातच, फक्त मधूनमधून टँकचं पाणी ओतत राहा. कापल्यावर चिकट द्रव सुटतो, तो टँकमध्ये जाऊ नये म्हणून तुकडे आधी डब्यात हलवून धुवा. मोठी छाटणी असेल तर त्या दिवशी पाणी गाळायचा नवीन कार्बन लावा.

आणि पंप परत चालू करायला मोबाइलवर अलार्म लावा. एकदा मी तासाभराचं काम संपवून झोपून गेलो होतो, सकाळी मासे पृष्ठभागावर तोंडं उघडून होते.

एका वेळी किती कापलं तर चालतं?

मी कॉलनीच्या एक-तृतीयांशाच्या वर एका वेळी जात नाही. उरलेलं महिन्याभराने. याची दोन कारणं आहेत आणि दुसरं फार कमी जण लक्षात घेतात.

पहिलं म्हणजे उजेड. खालच्या फांद्या महिनोन्‌महिने सावलीत होत्या, त्यांनी कमी उजेडाशी जुळवून घेतलेलं असतं, आणि तुम्ही वरचं छप्पर एका दुपारी काढून टाकलंत की त्या भाजतात, पांढऱ्या पडतात. मोठी छाटणी केली की लाईट २०-२५ टक्के खाली आणा आणि दोन आठवड्यांत हळूहळू वर न्या.

दुसरं डोसिंग, म्हणजे कॅल्शियम आणि अल्कलिनिटी रोज वरून घालणं. कोरल सांगाडा बनवताना पाण्यातलं कॅल्शियम आणि अल्कलिनिटी ओढतं, साधारण २० पीपीएम कॅल्शियम जातं तेव्हा २.८ डीकेएच अल्कलिनिटी जाते. तुम्ही चार कॉलन्या छाटून बादलीभर फांद्या बाहेर काढल्या, म्हणजे ओढणारी तोंडंच कमी केली, वर उरलेल्या कोरल्स जखमेमुळे काही दिवस हळू वाढतात, आणि डोसिंग पंप मात्र कालच्याच हिशोबाने ओततोय! अल्कलिनिटी चार दिवसांत ८ वरून १० च्या पुढे जाते, शेंडे जळतात, आणि आपण म्हणतो छाटणी मानवली नाही. छाटणीनंतर आठवडाभर रोज अल्कलिनिटी मोजा आणि डोस त्याप्रमाणे कमी करा, हे एवढं केलं तरी छाटणीनंतरची बरीच मर टळते. हे कोणी मला पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर माझ्या दोन ॲक्रोपोरा वाचल्या असत्या.

हॅमर, टॉर्च, फ्रॉगस्पॉन पण असेच कापायचे का?

नाही. यांच्यात प्रत्येक तोंड वेगळ्या नळीच्या टोकावर बसलेलं असतं आणि जिवंत मांस फक्त वरच्या भागात असतं, खालची नळी बहुधा नुसता सांगाडा. मांस जिथे संपतं त्याच्या २-३ सेंटीमीटर खाली कापा, आधी हलका स्पर्श करून पॉलिप पूर्ण आत जाऊ द्या. कात्रीपेक्षा रोटरी कटर चांगलं, कारण कात्रीच्या दाबाने नळी उभी चिरते आणि चीर मांसापर्यंत गेली की तिथे संसर्ग होतो. तपकिरी जेलीसारखं काही दिसलं तर ते तोंड लगेच बाहेर काढा, ती जेली पाण्याबरोबर शेजारच्या तोंडांवर जाते. आणि भिंतीसारखा सलग सांगाडा असलेला हॅमर असेल तर नवख्याने त्याला हातच लावू नये.

फ्रॅग चिकटवायचा कसा? माझे सारखे पडतात.

बहुतेक वेळा कारण दगड असतो. त्यावर शेवाळाचा थर असला की गोंद शेवाळाला चिकटतो आणि शेवाळ दगडाला धरून नसतं. आधी ब्रशने ती जागा खरवडून घ्या. मग फ्रॅगच्या बुडाला जेल ग्लू, त्यावर मळलेल्या एपॉक्सीची गोळी, तिच्या खाली परत ग्लू, आणि दगडावर थोडं फिरवत दाबून धरा. नुसती एपॉक्सी चिकटत नाही, ती फक्त आकार धरते, चिकटवायचं काम ग्लूचं. पातळ ग्लू घेऊ नका, पाण्यात पसरतो. एपॉक्सी जास्त वापरली की स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) वेड्यासारखा फेस करतो, त्याचा कप आधीच उंच करून ठेवा.

टर्बो शंख आणि सी अर्चिन टँकमध्ये असतील तर फ्रॅग पडणारच असं धरून चाला, बुडखा दगडावर पसरेपर्यंत.

उभा लावू की आडवा?

मला आडवा आवडतो, निदान ॲक्रोपोरा. फांदी आडवी चिकटवली की दगडाला लांबीभर टेकते, लवकर धरते आणि तिच्या पाठीवरून तीन-चार नवे शेंडे सरळ वर निघतात, वर्षभरात झुडपासारखा आकार येतो. उभा लावलेला पहिल्या दिवसापासून सुंदर दिसतो पण बुडाचा टेकू लहान असतो. बर्ड्स नेस्ट मात्र उभंच लावा, फांद्या इतक्या ठिसूळ असतात की आडवी दाबताना मोडतेच.

जागा कुठली निवडायची?

इथे सगळ्यात मोठी चूक अशी होते की हातात ४ सेंटीमीटरचा फ्रॅग असतो आणि आपण ४ सेंटीमीटरची जागा शोधतो. जागा शोधताना त्या फ्रॅगच्या ठिकाणी दोन्ही हातांच्या ओंजळीएवढी कॉलनी उभी आहे असं डोळ्यासमोर आणा, आणि मग विचारा की पंपाचं पाणी तिच्या मागे जाईल का, खालच्या कोरलवर सावली पडेल का, काच पुसायचा मॅग्नेट मधून जाईल का. मी हल्ली चहाचा कप उलटा धरून बघतो. रिकामा टँक वर्षभर विरळ दिसतो हे खरं, पाहुणे विचारतातही की एवढी जागा मोकळी का, पण त्या मोकळ्या जागेनेच पुढची दोन वर्षं कात्री कमी लागते.

उजेडाचं साधारण असं: ॲक्रोपोरा वरच्या भागात, पीएआर (कोरलला वापरता येणाऱ्या उजेडाचं माप) २०० ते ३५०, मॉन्टिपोरा डिजिटाटा, स्टायलोफोरा, बर्ड्स नेस्ट मधल्या भागात, १५० ते २५०, हॅमर-टॉर्च खाली, ८० ते १५०. मीटर विकत घ्यायची गरज नाही, कोणाकडून दोन दिवस मागून आणा आणि टँकचा कागदावर नकाशा काढून आकडे लिहून ठेवा. नवीन फ्रॅग सरळ वर नेऊ नका, खालून सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत वर न्या. रंग तपकिरी होत असेल तर उजेड कमी पडतोय किंवा पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट जास्त आहे, फिका होत चालला तर उजेड जास्त होतोय, आणि एकदा हलवल्यावर निदान तीन आठवडे परत हलवू नका, रोज जागा बदललेला फ्रॅग कुठेच रुजत नाही.

फ्लोबद्दल, म्हणजे पाण्याच्या प्रवाहाबद्दल, एकच सांगतो, जोर हवा पण धार नको. एकाच बाजूने सतत मारा झाला की त्या बाजूचा टिश्यू सोलून निघतो. दोन पंप समोरासमोर ठेवून आळीपाळीने चालवले की पाणी मध्ये आपटून सगळीकडे फिरतं. आणि कॉलन्या वाढत जातात तसे पंपही हलवा, दोन वर्षांपूर्वी जी जागा बरोबर होती ती आज बरोबर असेलच असं नाही.

दोन कोरल्समध्ये अंतर किती?

दोन वेगळ्या ॲक्रोपोरांमध्ये, पूर्ण वाढ धरून, ५-७ सेंटीमीटर उरले पाहिजेत. टेकल्या की दोघी आतले धागे बाहेर काढून एकमेकींचा टिश्यू पचवतात आणि मध्ये पांढरी रेघ दिसते. टॉर्च आणि गॅलेक्सिया (आणखी एक दंश करणारं कोरल) यांच्यापासून १५ सेंटीमीटर तरी लांब राहा, रात्री त्यांचे लांब दंश करणारे धागे बाहेर निघतात आणि फ्लोच्या दिशेने अजून लांब जातात. हॅमर आणि फ्रॉगस्पॉन बहुतेक वेळा शेजारी शेजारी नांदतात, टॉर्च त्यांच्यात ठेवला की तो दोघांना भाजतो. २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी हॅमर आणि फ्रॉगस्पॉन फिंब्रियाफिलिया या वेगळ्या वंशात टाकले आणि टॉर्च युफिलियातच ठेवला, टँकमध्ये आपण जे बघत होतो त्याच्याशी ते छान जुळतं.

ओळखीच्याकडूनच फ्रॅग आणला, तरी डिप करायचा?

हो, दर वेळी. डिप म्हणजे फ्रॅग कीड पाडणाऱ्या द्रवात थोडा वेळ बुडवणं. त्याच्या टँकमध्ये काय आहे हे बऱ्याचदा त्यालाही माहीत नसतं. ॲक्रोपोरावरचे चपटे किडे अंगाच्या रंगात इतके मिसळतात की डोळ्यांना दिसत नाहीत, फक्त टिश्यूवर गोल चावे दिसतात. रेड बग्ज हे लाल किडे अर्ध्या मिलिमीटरचे. मॉन्टिपोरावर पांढऱ्या छोट्या गोगलगायी, न्यूडीब्रँक. डिपने हे पडतात पण त्यांच्या अंड्यांना काही होत नाही, म्हणून जुना प्लग (फ्रॅग चिकटवलेली छोटी चकती) काढून टाका, बुडाकडचा उघडा सांगाडा कापून टाका (अंडी तिथेच असतात) आणि वेगळ्या छोट्या टँकमध्ये ठेवून दर आठवड्याला एकदा असा चार-सहा आठवडे डिप द्या. कंटाळवाणं आहे, मान्य. पण एकदा चपटे किडे मुख्य टँकमध्ये घुसले की चिकटलेल्या प्रत्येक कॉलनीला उपटावं लागतं.

फांद्यांमध्ये छोटा खेकडा दिसतोय, काढू का?

पोसिलोपोरा किंवा स्टायलोफोरामध्ये गुळगुळीत अंगाचा, चपटा, सहसा जोडीने राहणारा असेल तर ट्रपेझिया असण्याची शक्यता जास्त, त्याला राहू द्या. तो कोरलचा चिकट द्रव खातो आणि बदल्यात कोरल खायला येणाऱ्या तारामाशालासुद्धा चिमटे काढून हाकलतो. ॲक्रोपोरात असंच काम टेट्रालिया करतो. छाटायच्या आधी फांद्यांत बघून घ्या आणि तो ज्या बाजूला आहे ती बाजू ठेवा. अंगावर केस आणि काळी टोकं असलेले नांगे दिसले तर मात्र काढलेला बरा.

कापल्यानंतर बुडाकडून पांढरं होत चाललंय!

किती वेगाने ते बघा. रोज दोन-तीन मिलिमीटर सरकत असेल तर हळू मर, एसटीएन, आणि कारण बहुधा पाण्यात असतं, आधी अल्कलिनिटी मोजा. कापाच्या जागी अर्धा सेंटीमीटर मागे जाऊन थांबली तर काही करू नका, तेवढं चालतं. पण तासातासाला टिश्यू सालीसारखा गळत असेल तर ती आरटीएन, झपाट्याची मर, तिथे विचार करत बसायला वेळ नाही, जिवंत भागात दोन सेंटीमीटर आत जाऊन शेंडे कापा, डिप द्या, वेगवेगळ्या ठिकाणी लावा. दहातले दोन जगले तरी ते कोरल तुमच्याकडे राहिलं.

हाताला काही धोका आहे का?

आहे. कोरलने कापलं तर जखम चिघळते, लगेच साबणाने धुवा. त्याहून मोठा धोका म्हणजे दगड कापताना त्यावर झोआ किंवा पॅलिथोआ (बटणासारखे मऊ पॉलिप्स) असणं. त्यांच्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं, त्यावर उतारा नाही. असा दगड कोरडा कापू नका, उकळू नका, गरम पाण्याने धुऊ नका, वाफेतून आणि धुळीतून ते फुप्फुसात जातं आणि घरातल्या सगळ्यांना दवाखान्यात नेऊ शकतं. डोळ्यांत उडालं तर स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा आणि डॉक्टरांना पॅलिटॉक्सिन हा शब्द सांगा.

एवढ्या कापलेल्या फांद्यांचं करायचं काय?

वाटा. सगळी दगडी कोरल्स साइट्सच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये आहेत, देशादेशांतल्या व्यापारावर बंधनं आहेत, आणि टँकमध्ये वाढलेला प्रत्येक फ्रॅग म्हणजे रीफवरून न उचललेला एक तुकडा. देताना कोणाला काय दिलं ते वहीत लिहून ठेवा, नाव आणि तारीख. माझ्या हिरव्या स्टायलोफोराचा एक फ्रॅग मी एका मित्राला दिला होता आणि विसरून गेलो होतो. नंतर एका उन्हाळ्यात हीटर चालूच राहिला, रात्रभरात पाणी ३२ वर गेलं, कॉलनी गेली. वही काढली, त्याला फोन केला. त्याची आता माझ्या जुनीपेक्षा मोठी झाली होती, आणि तिलाही छाटायची वेळ आलेलीच होती.